लोकरीच्या पंधरा गाठी

इराणातल्या आमच्या रावर गावात गालिचा आधी कानांनी विणला जातो, मग हातांनी. विणणाऱ्या बाया मागाकडे तोंड करून फळीवर बसतात आणि त्यांच्या पाठीशी नक्षेखान बसते. नक्ष्याचा कागद वाचून, खरं म्हणजे गाऊन, सांगणं हे तिचं काम. "दोन निळ्या, एक सायी, पुढे तीन डाळिंबी, परत ये, एक निळी!" असा तिचा सूर लागला की मागावरची बाई तेवढ्या गाठी मारते आणि मोठ्यानं म्हणते, "आलं!" ते "आलं" कानावर पडल्याशिवाय पुढची हाक द्यायची नाही. कारखान्यात भांडणं होतात, जुळलेल्या सोयरिकी मोडतात, मालक उस्ता यदुल्ला आणि त्याची बायको महिना महिना एकमेकांशी बोलत नाहीत, पण हा नियम आजवर कोणी मोडलेला नाही.

खावर ही या कारखान्याची नक्षेखान. वय बावन्न, त्यातली तीस वर्षं हाका देण्यात गेलेली. नवरा केव्हाच गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन केरमानला. आवाज असा की समोरच्या भटारखान्यातला माणूस तिच्या तालावर पाव थापायचा. आणि तोरा आवाजाहून मोठा. गालिचा पाव भाग विणून झाला की ती कागद गुंडाळून पेटीत टाकायची आणि पुढचं सगळं तोंडपाठ सांगायची. "कागद बघून सांगायला काय, उस्ताचं गाढवसुद्धा सांगेल," असं ती म्हणायची. बाया हसायच्या. उस्ता हसायचा नाही, पण असली नक्षेखान दुसरीकडे मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

या तोऱ्यालाच पुढे कीड लागली.

पंचेचाळिशीनंतर कधीतरी खावर मधेच हरवायला लागली. बोलता बोलता गप्प व्हायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे, उजवा हात डोक्यावरून घेतलेल्या चादरीची कड चिमटीत धरून ओढत राहायचा. अर्धा मिनिट, फार तर एक. भानावर आली की हनुवटी ओली असायची आणि मधलं काही आठवायचं नाही. वर्षातून दोनदा, मग महिन्यातून दोनदा, मग आठवड्याला. आमच्याकडे फेफऱ्याचं नाव घेतलं की लोक आधी जिन्नाचं नाव घेतात आणि मग तुमच्या मुलीच्या सासरकडे बघतात. खावरनं मूठ झाकून ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण त्या हरवण्यापाठोपाठ आठवणही गळायला लागली. बाजारात जाऊन ती परत यायची ती रिकाम्या हातानं. मग तिनं एक युक्ती काढली. विणकामवाल्यांच्या खिशात लोकरीचे तुकडे असतातच. सकाळी ती एक दोरी घ्यायची आणि आठवायच्या गोष्टींच्या गाठी तिच्यावर मारायची. पांढरी गाठ म्हणजे अंडी, पिवळी म्हणजे तेल, हिरवी म्हणजे मुलीला फोन. चादरीआड बोटं फिरायची, डोळा खाली जायचा, आणि खावर-खानमला सगळं लक्षात आहे असं जगाला वाटायचं. हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं.

आता बुलबुलचं सांगतो, कारण तेच तिच्या गळ्यात अडकलं होतं.

बाम शहरात भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मागावर झाडाचा गालिचा होता आणि झाडाच्या उजव्या फांदीवर एकच बुलबुल. उजवी बाजू तूबाकडे. तूबा म्हणजे खावरच्या शेजारची, तिच्याच वयाची, लहानपणी दोघी एकाच ओढ्यावर लोकर धुवायच्या. डावीकडची बाई त्या दिवशी बाळंतिणीकडे गेली होती. बुलबुलचा पंख चालू असताना खावर हरवली. तूबाचं तोंड मागाकडे, तिला फक्त शांतता ऐकू आली. तिला वाटलं, चहा पीत असेल. मग खावरची हाक आली, ती सात ओळी सोडून पुढची.

"अगं, परत सांग," तूबा न वळता म्हणाली. "पंख कसा एकदम संपला?"

खावरच्या डोक्यात नुसतं धुकं होतं. कागद पेटीत होता. उठून बघितला असता तर एवढं रामायण झालं नसतं. पण तीस वर्षांची नक्षेखान उठून कागद कशी बघणार?

"कान धुऊन ये आधी," ती म्हणाली. "सांगितलं तेवढं मार."

तूबानं गाठी मारल्या आणि म्हणाली, "आलं."

आठ दिवसांनी उस्ता मागापुढे उभा राहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बुलबुलचा पंख मधेच कापल्यासारखा, पक्षी एका बाजूला कलंडलेला. आठ दिवसांचं काम उसवायला लागणार होतं.

"हे कोणाचं?" त्यानं विचारलं.

खावरला ते आदल्याच दिवशी दिसलं होतं. आदल्या संध्याकाळी कारखाना रिकामा झाल्यावर तिनं पेटीतून कागद काढून त्या सात ओळी घोटून घोटून पाठ केल्या होत्या. त्या तिनं उस्तासमोर खणखणीत आवाजात गाऊन दाखवल्या आणि म्हणाली, "मी हेच सांगितलं होतं. हिनं ऐकलं नाही." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ठाऊक असलेली बाई ती. पण म्हण ठाऊक असणं वेगळं.

तूबा भांडेल असं खावरला वाटलं होतं. तूबाची जीभ साधी नाही, भटारखान्यातला माणूस पाव लहान करायला लागला तेव्हा तिनं त्याला चारचौघांत विचारलं होतं, "पाव आहे की बटण आहे?" पण त्या दिवशी ती नुसती आपल्या कानाला हात लावून उभी राहिली. नक्षेखान आणि विणकरीण यांच्यात शब्द चालतो तो नक्षेखानचा. उस्तानं तूबाला मागावरून उठवलं आणि लोकरीच्या गुंड्या करायला कोपऱ्यात बसवलं.

आणि तूबानं ते खरं मानलं, हे सगळ्यात वाईट. ती चिडली असती तर खावरला सोपं गेलं असतं. ती म्हणायची, "वय झालं बाई, कान गेले." बदामाचं तेल कोमट करून ती कानात घालायला लागली आणि वर कापसाचा बोळा. वर्षभर तो बोळा तिच्या डाव्या कानात होता. खावर रोज सकाळी कारखान्यात शिरली की पहिल्यांदा तो बोळा बघायची, मग चौरंगावर बसायची, आणि कागद समोर उघडा ठेवून हाका द्यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "डोळ्यांना विरंगुळा."

त्या हिवाळ्यात मूठ उघडली. खावर सगळ्यांसमोर आडवी झाली, हातपाय झाडत, आणि पडताना चहाचा समोवारही घेऊन पडली. उकळतं पाणी दंडावर सांडलं. पहिली धावली ती तूबा. तिनंच तिला कुशीवर वळवलं, तिनंच तोंड पुसलं, तिनंच बायांना ओरडून सांगितलं, "बघताय काय तमाशा? चादर आणा!" त्यानंतर फेफरं हे लपवायचं राहिलंच नाही. मुलीला मुलगी झाली तेव्हा खावर केरमानला गेली. कोणी तिला वाकडं बोललं नाही. फक्त चार महिन्यांची नात तिच्या मांडीवर कोणी दिली नाही. दर वेळी काहीतरी निघायचं, बाळ झोपलंय, बाळ दूध पितंय, बाळाला आत्ताच न्हाऊ घातलंय. खावरनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी परत आली.

केरमानच्या डॉक्टरनं सांगितलं की गोळ्यांनी आता भागणार नाही, शिराझला ऑपरेशन करतात, पण आधी तपासण्या असतात, आणि सोबत माणूस लागतं. मुलीचं बाळ अंगावर पितं. तूबा म्हणाली, "मी येते. माझ्यावाचून कोणता गालिचा अडलाय? गुंड्या आठ दिवस वाट बघतील." तिनं पिशवीत सुक्या पावाच्या चळती भरल्या, खजूर भरलेल्या बिस्किटांचा, कोलोम्प्यांचा, डबा घेतला, बदामतेलाची बाटली घेतली, आणि बसमध्ये खावरला खिडकीजवळ बसवून स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, पडली तर धरायला.

शिराझच्या इस्पितळात पाच दिवस खावरच्या डोक्याला तारा चिकटवल्या. फीट कुठून उठते ते त्यांना बघायचं होतं. डाव्या बाजूनं, कानाच्या वरून उठते, असं निघालं. सहाव्या दिवशी आठवणीची परीक्षा.

परीक्षा घेणारी खानम साबेती म्हणजे पोरगीच, खावरच्या मुलीपेक्षा लहान. तिनं तूबाला बाहेर बाकावर बसवलं, दार अर्धवट लोटलं आणि म्हणाली, "मी पंधरा शब्द वाचते. नंतर तुम्ही मला सांगायचे, जेवढे आठवतील तेवढे. असं पाच वेळा करू. मग दुसरं काहीतरी करू, आणि अर्ध्या तासानं मी परत विचारेन. घाबरू नका, यात पास-नापास नाही."

पास-नापास नाही म्हणे! ज्या बाईनं तीस वर्षं अख्खे गालिचे डोक्यात वागवले, तिच्यापुढे ही पोर पंधरा शब्द ठेवत होती, आणि दार अर्धवट उघडं, बाहेर तूबा. साबेतीनं वाचायला सुरुवात केली. कोंबडा, साखर, पूल, खिडकी, सुई, कंदील... दहाव्या शब्दापर्यंत पहिला निसटला होता. खावरनं चार सांगितले. चार! तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्यांदा वाचायला सुरुवात झाली आणि तिचा हात आपसूक चादरीआड खिशात गेला. खरंच आपसूक, निदान पहिल्या गाठीपर्यंत तरी. कोंबड्याला लाल. साखरेला पांढरी. पुलाला उंटाच्या रंगाची. खिडकीला निळी, कारण तिच्या घरची खिडकी निळी होती. पाच वेळा वाचून होईपर्यंत दोरीवर पंधरा गाठी बसल्या होत्या.

साबेतीला चादरीची हालचाल दिसली. "जप करताय का, खावर-खानम?" तिनं हसून विचारलं.

"हो बाळा," खावर म्हणाली. "मनाला आधार."

पैगंबराच्या नावावरही तिनं खोटं घातलं.

अर्ध्या तासानं साबेती लिहायला खाली वाकली की खावरचा डोळा मांडीवर जायचा. चौदा शब्द तिनं सांगितले, वाचले होते त्याच क्रमानं. पंधरावा तिनं मुद्दाम सोडला, संशय नको म्हणून. एवढी अक्कल शाबूत होती. साबेतीनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "माशाल्ला. असं मी कधी पाहिलं नाही." खावरला बरं वाटलं. तेही सांगायला हवं. त्या घटकेला तिला अगदी मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फरजामांनी दोघींना खोलीत बोलावलं. साबेती कोपऱ्यात कागद घेऊन बसली होती. डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे.

"खावर-खानम, तुमची आठवण फार पक्की आहे," ते म्हणाले. "आणि म्हणून मी ऑपरेशन करणार नाही."

खावरला कळेना. "म्हणजे?"

"फीट जिथून उठते, शब्दांची आठवणही तिथेच राहते. घर पाडायचं तर आत कोणी राहतं का हे आधी बघावं लागतं. दुखण्यानं ते घर आधीच रिकामं झालेलं असेल तर आम्ही पाडतो, फारसं नुकसान होत नाही. तुमचं घर माणसांनी भरलेलं आहे. कापलं तर ती सगळी जातील. तुम्ही कामाला मुकाल. गोळ्या बदलून बघू."

खावरला केरमानचं घर आठवलं. बाळ झोपलंय, बाळ दूध पितंय, हे आता जन्मभर.

तूबाला मात्र हे कौतुकच वाटलं. तिला वाटलं, डॉक्टरांना अजून नीट पटलेलं नाही, आपण हातभार लावावा. "अहो डॉक्टर, पक्की म्हणजे किती पक्की! आम्हाला विचारा. गेल्या वर्षी माझ्या हातून बुलबुलचा पंख गेला. सात ओळी खाल्ल्या मी. हिनं बरोबर सांगितलं होतं, माझेच कान फुटके. आठ दिवसांनी हिनं त्या सातच्या सात ओळी उस्तासमोर घडाघडा गाऊन दाखवल्या! अशी बाई आहे ही. तुम्ही लिहून घ्या." आणि साबेतीकडे वळून म्हणाली, "पोरी, जमलं तर माझेही कान तपास गं. एवढी आलेच आहे तर."

साबेतीनं खरंच लिहून घेतलं.

खावरनं खाली पाहिलं. गप्प बसायचं, की बोलायचं? गप्प बसलं तर नाव राहत होतं आणि फेफरंही. बोललं तर नुसतं शिराझसमोर नाही, त्या कापसाच्या बोळ्यासमोर बोलावं लागणार होतं. तिला डॉक्टरांची लाज वाटत नव्हती, त्या पोरीचीही नाही. ती दोघं उद्या तिला विसरतील. शेजारची खुर्ची मात्र तिच्याबरोबर रावरला परत येणार होती.

तिनं खिशातून दोरी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचे पंधरा शब्द." ती गाठींवरून बोट फिरवत गेली. "लाल, कोंबडा. पांढरी, साखर. उंटी, पूल. निळी, खिडकी. मला एकही आठवत नाही, डॉक्टर. मी दोरी वाचते."

साबेती लाल झाली. "मी जप समजले."

"तसं मीच सांगितलं, बाळा."

डॉक्टर पुढे झुकले. "पण तुमच्या सोबतीण म्हणतात, आठ दिवसांनी सात ओळी..."

"कागद बघून आदल्या संध्याकाळी पाठ केल्या होत्या." आता तिचा आवाज इतका बारीक झाला होता की डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "मी मधेच हरवले होते. सात ओळी माझ्या गेल्या. हिनं मला म्हटलं होतं, परत सांग. मी म्हटलं, कान धुऊन ये. हिचे कान चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते. मला त्याच दिवशी ठाऊक होतं."

खावर वाट बघत होती, शिवीची, थपडेची, कशाचीही. तूबानं नुसता डाव्या कानाकडे हात नेला, बोळा काढला, पिवळा पडलेला, तेलकट, आणि तो बोटांत धरून बघत राहिली. मग उठली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून बाहेर गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर खावरला थोडं हलकं वाटलं असतं.

दुपारी साबेतीनं परीक्षा परत घेतली. दुसरे पंधरा शब्द, चादर घडी करून खुर्चीवर, दोन्ही हात टेबलावर. अर्ध्या तासानं खावरला तीन आठवले, आणि त्यातला एक कालच्या यादीतला होता. ती रडायला लागली. साबेतीनं तिला चहा दिला, पण कौतुक करायला काही नव्हतं.

"हे घर रिकामं आहे," डॉक्टर संध्याकाळी म्हणाले. "करू या."

तूबा बाकावरच बसलेली होती. तिनं पावाचा तुकडा मोडून खावरला अर्धा दिला. मोठा अर्धा स्वतःला ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोरच्या भिंतीकडे बघत ती बोलली.

"वर्षभर मी माझ्या नातवाला सांगत होते, मोठ्यानं बोल रे, आजीला ऐकू येत नाही. तो बिचारा ओरडून ओरडून बोलायचा. घरात सगळे ओरडून बोलायचे. मला वाटायचं, बघा, एवढं ओरडल्यावरच मला ऐकू येतंय."

"तूबा..."

"गप. सही करायची तर करते मी, ऑपरेशन होईपर्यंत राहतेही. माणूस म्हणून आलेय, माणूस म्हणून जाईन. पण रावरला गेल्यावर हे सगळं कारखान्यात सांगायचं. उस्तासमोर, सगळ्या मागांसमोर. आणि इथं कुजबुजलीस तसं नाही. हाक देतेस तशा आवाजात. मला कान धुऊन ये म्हणालीस तो आवाज."

"सांगेन."

"आणि विसरलीस तर? डोकं उघडणार आहेत तुझं. सोयीस्करपणे नेमकं तेवढंच गेलं तर?"

खावरला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, उद्या काय राहील आणि काय जाईल. तूबानं स्वतःच्या खिशात हात घातला, विटकरी लोकरीचा तुकडा काढला, बुलबुलच्या पंखाचा रंग तोच, आणि पुढे धरला. "बांध गाठ."

खावरनं मनगटाला गाठ मारली. ऑपरेशनच्या आधी परिचारिकेनं बांगड्या काढून घेतल्या, तो दोराही काढायला गेली. खावरनं हात मागे ओढला. शेवटी त्यांनी त्यावरून पट्टी गुंडाळली.

तीन महिन्यांनी ती कारखान्यात परत आली. फीट नव्हती, एकही नाही. केरमानला जाऊन आली होती आणि नात मांडीवर दोन तास झोपली होती; पाय मुंग्यांनी सुन्न झाला तरी तिनं हलवला नाही. पण शब्द निसटायचे. कात्रीला कात्री म्हणायच्या आधी ती हवेत दोन बोटं चालवायची. नक्षा आता डोक्यात काही राहायचा नाही. उस्तानं तिच्यासाठी कागद समोर ठेवायला पाट करून ठेवला होता.

ती चौरंगावर बसली नाही. बाया मागांवर बसलेल्या होत्या, लोखंडी पंजांनी गाठी ठोकण्याचा आवाज चालू होता. उस्ता दारात. तूबा कोपऱ्यात, लोकरीच्या ढिगात, तोंड भिंतीकडे. तीन महिने ती यातलं कोणाला काही बोलली नव्हती. खावरनं मनगट पाहिलं. दोरा मळून काळपट झाला होता. कशाचा, हे ती विसरली नव्हती. विसरली असती तर, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला तेवढ्या विचाराचीही लाज वाटली.

तिनं सूर लावला. आवाज आधी चिरकला, मग लागला.

"बुलबुलचा पंख, माझा चुकला! सात ओळी, माझ्या गेल्या! तूबानं ऐकलं, ते बरोबर! आळ तिच्यावर, मी घातला!"

पंजे थांबले. फळीवरच्या बाया वळून बघायला लागल्या. उस्ताच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. समोरच्या भटारखान्यातलं पाव थापणंसुद्धा थांबलं असावं, कारण रस्त्यावरून काही आवाज येईना. खावरला अजून सांगायचं होतं, जपाचं, कागदाचं, आदल्या संध्याकाळचं. पण उत्तर आल्याशिवाय पुढची हाक द्यायची नाही. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी राहिली, मान जळत, सगळ्यांच्या नजरा अंगावर, आणि उत्तर येईना.

तूबानं हातातली गुंडी पुरी केली. टोक आत खोचलं. गुंडी ढिगावर ठेवली.

"आलं," ती भिंतीकडे बघूनच म्हणाली.

आमच्या कारखान्यात "आलं" म्हणजे ऐकलं. माफ केलं असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. खावरनं घसा साफ केला आणि पुढची ओळ सांगायला सुरुवात केली.